खर्जाची निवड : ट्यूबा, वादक आणि स्वरलिपी

व्हायोलिनवादक एकच व्हायोलिन घेऊन बाखपासून बार्टोकपर्यंत सारे वाजवतो. वाद्यवृंदातल्या ट्यूबावादकाला मात्र कार्यक्रमपत्रिका पाहून आधी वाद्य ठरवावे लागते. ही निवड आपण तांत्रिक बाब समजून सोडून देतो. माझ्या मते ती संगीतरचनेची समीक्षाच असते.

याचे मूळ वाद्याच्या इतिहासात आहे. लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीपरेख्ट आणि वाद्यनिर्माते योहान मॉरित्झ यांनी १८३५ मध्ये बर्लिनमध्ये एफ पट्टीच्या ट्यूबाचे पेटंट घेतले. पुढे प्रत्येक देशाने हे वाद्य आपल्या कानाप्रमाणे घडवले. जर्मनीत एफबरोबर बी-फ्लॅटचा अवजड ट्यूबा रुळला, इंग्लंडात ई-फ्लॅटचा आणि अमेरिकेत सी पट्टीचा, सुमारे १६ फूट नळीचा. फ्रान्सनेही सी पट्टीच घेतली, पण एक सप्तक वरची. त्या छोट्या वाद्याला सहा व्हॉल्व्ह असत. म्हणजे स्वरलिपीवर ‘ट्यूबा’ हा एकच शब्द असला, तरी त्याचे अर्थ अनेक.

वादक वाद्य पारखताना काय पाहतो? खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंत सूर खरा राहतो का, अगदी हळू वाजवतानाही स्वर चटकन उमटतो का, बास ट्रॉम्बोन आणि डबल बास यांच्याशी नाद मिसळतो का. वाजवणाऱ्याच्या कानाशी भरदार वाटणारा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत विस्कटू शकतो. म्हणून जाणते वादक एखाद्या सहकाऱ्याला तिथे बसवून त्याचे मत घेतात. शिवाय वाद्य मांडीवर बसले पाहिजे आणि श्वासाला पेलले पाहिजे.

शरीराचा हा भाग किती निर्णायक असतो, हे शिकागो सिम्फनीच्या आर्नल्ड जेकब्ज यांच्या वाद्यावरून दिसते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनमधल्या यॉर्क कंपनीने फिलाडेल्फिया वाद्यवृंदासाठी एक मोठा सी ट्यूबा घडवला. जेकब्ज सांगत, की तिथले वादक फिलिप डोनाटेली यांच्या अंगाला तो बसेना. विद्यार्थिदशेतल्या जेकब्ज यांनी तो १७५ डॉलरना हप्त्यांवर घेतला. ते १९४४ ते १९८८ शिकागोत वाजवत होते, आणि एकाला न पेललेले वाद्य जगाचा आदर्श झाले. यामाहाने आणि स्वित्झर्लंडच्या हिर्शब्रुनरने त्याच्या प्रतिकृती काढल्या. नळीची मापे घेता येतात, पण जेकब्ज स्वतः आयुष्यभर शिकवत राहिले ते श्वासाविषयी आणि मनात आधी ऐकू येणाऱ्या स्वराविषयी.

आदर्श असा एकदा ठरला, की त्याच्याबाहेरचे नाद मागे पडू लागतात. मुसोर्गस्कीच्या ‘प्रदर्शनातील चित्रे’ या पियानोरचनेचे राव्हेलने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. त्यातल्या ‘बिद्लो’ या बैलगाडीच्या चित्रात ट्यूबाला एकल वादन दिले आहे. त्याचे स्वर इतके वर चढतात, की अमेरिकी सी ट्यूबावर वादकाचा घाम निघतो. राव्हेलच्या कानात होता तो फ्रेंच छोटा ट्यूबा, आणि तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्येही वापरातून जवळजवळ गेला. आज अनेक वाद्यवृंद इथे युफोनियम वापरतात.

शब्दाला चिकटून राहणारा वादक मोठा ट्यूबा उचलेल, आणि राव्हेलच्या मनात नसलेली धाप ऐकवेल. युफोनियम घेणारा लिहिलेला शब्द सोडतो, पण आवाकाच्या दृष्टीने मूळ वाद्याच्या अधिक जवळ जातो. मात्र युफोनियमचा मऊ गोडवा म्हणजे फ्रेंच ट्यूबाचा नाद नव्हे. जड गाडीची फरफट त्यात गुळगुळीत होण्याचा धोका असतो. इथे निष्ठा कशाशी, शब्दाशी की नादाशी? जुन्या कवितेचा पाठ ठरवणाऱ्या संपादकापुढे असतो, तोच हा प्रश्न आहे. फरक एवढाच, की संपादकाला तळटीप देता येते, वादकाला नाही. त्याचा निर्णय श्रोता नकळत मूळ रचना म्हणूनच ऐकतो.

म्हणून ‘उत्तम ट्यूबा कोणता?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कोणत्या रचनेसाठी, कोणत्या सभागृहात आणि कोणाच्या श्वासाला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. संगीतसमीक्षक संचालकाच्या लयीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. मागच्या रांगेतल्या त्या एका वादकाने आज कोणते वाद्य आणले होते, याचीही नोंद त्यांनी घ्यायला हवी.