द्रायुयामिकीचे पहिले पुस्तक : एक भाषिक परीक्षण

पाठ्यपुस्तकाच्या निवडीचा प्रश्न त्या त्या विषयाच्या अध्यापकांचा समजला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे हा कित्येकांना अधिकाराचा अतिक्रम वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याचे शालेय शिक्षण मराठीतून झाले आहे व ज्याला अभियांत्रिकीचा प्रत्येक विषय इंग्रजी ग्रंथांतून शिकावयाचा आहे, त्याच्या बाबतीत पहिले पुस्तक कोणते, हा प्रश्न बहुतांशी भाषेचाच ठरतो. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ साली सुरू झाली. तेव्हापासून या नगरीतील अभियांत्रिकीच्या वर्गांत मराठी शाळांतून आलेले विद्यार्थी बसत आले आहेत. स्थापत्य वा यंत्र शाखेच्या अभ्यासक्रमात त्यांची गाठ ‘फ्लुइड मेकॅनिक्स’ या विषयाशी पडते. या विषयाची अडचण अशी की, त्यातील वस्तू अत्यंत परिचयाच्या असतात आणि त्यांच्याविषयी वापरावयाचे शब्द मात्र अगदी अपरिचित असतात.

प्रारंभ ‘फ्लुइड’ या शब्दापासूनच करावा लागतो. व्यवहारातील मराठीत द्रव आणि वायू यांना एकत्र सांगणारा शब्द नाही. आमटी पातळ असते, ताक पातळ असते; हवेला पातळ म्हणण्याची रीत नाही. हिंदी परिभाषेत ‘तरल’ हा शब्द स्वीकारला गेला, पण मराठीत तो भावनेला, कवितेला वा स्वराला लावला जातो. वाफेला कोणी तरल म्हणत नाही. मराठी परिभाषाकारांनी द्रव आणि वायू या दोन शब्दांच्या संयोगाने ‘द्रायू’ हा शब्द घडविला. मराठी विश्वकोशाने तो वापरला व त्यावरूनच ‘द्रायुयामिकी’ हे विषयनाम रूढ केले. या शब्दाची कृत्रिमता पुष्कळांना खटकते. तथापि त्याचा गुण असा की, तो आपली घटना लपवीत नाही. द्रव आणि वायू यांचा विचार एकाच शास्त्रात करावयाचा आहे, हे विद्यार्थ्याला नावातच कळते. इंग्रजी ‘फ्लुइड’ ऐकून ते कळत नाही, कारण व्यवहारातील इंग्रजीतही त्या शब्दाचा अर्थ बहुधा द्रव असाच असतो.

मात्र सर्वच परिभाषेविषयी असे म्हणता येत नाही. ‘व्हिस्कॉसिटी’साठी मराठीत ‘श्यानता’ आणि ‘विष्यंदिता’ असे दोन शब्द आले. संस्कृतात ‘श्यान’ म्हणजे गोठलेले, घट्ट झालेले. वाहण्याला होणारा आंतरिक विरोध सुचविण्यास तो शब्द योग्य आहे. ‘विष्यंद’ म्हणजे पाझरणे, स्रवणे. म्हणजे ज्या गुणामुळे वाहणे मंदावते त्यालाच वाहण्याचे नाव दिले गेले. शब्द निवडताना ध्वनीचे सादृश्य पाहिले गेले असावे. अर्थाची दिशा पाहिली गेली नाही. याहून मोठी अडचण लोकभाषेतील ‘दाट’ या शब्दाने होते. करडईचे तेल या भागात घरोघरी परिचित आहे. ते पाण्याहून दाट आहे असे कोणीही सांगेल, आणि तरीही ते पाण्यावर तरंगते. त्याची घनता घनमीटरला सुमारे ९२० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याहून कमी. श्यानता मात्र पाण्याच्या अनेक पट. ‘दाट’ या एका शब्दात घनता व श्यानता ह्या दोन्ही कल्पना मिसळल्या आहेत आणि विद्यार्थी तो शब्द डोक्यात घेऊनच वर्गात येतो. पहिल्या पुस्तकाने हा गुंता सोडविला नाही, तर पुढे श्यानतेला घनतेने भागून येणाऱ्या राशीपाशी तो पुरता अडतो. साधारण तापमानाला त्या राशीचे हवेचे मूल्य पाण्याच्या सुमारे पंधरा पट निघते. हवा पाण्याहून अधिक ‘दाट’ कशी, हा त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नसतो.

या दृष्टीने तीन प्रचलित ग्रंथ तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. पहिला, आर. के. बन्सल यांचा. आपल्याकडील महाविद्यालयांत सर्वाधिक हाताळल्या जाणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते. दुसरा, फ्रँक व्हाइट यांचा, प्रथमावृत्ती १९७९. तिसरा, मन्सन, यंग व ओकिइशी यांचा, प्रथमावृत्ती १९९०. द्रायूची व्याख्या एकच आहे. पृष्ठाला समांतर असे सरकविणारे बल कितीही अल्प असले, तरी त्याखाली जो अखंड आकार बदलत राहतो तो द्रायू. परंतु या व्याख्येनंतर तीन ग्रंथ तीन वाटांनी जातात आणि वाटेचा क्रम हीच येथे भाषा होते.

बन्सल यांच्या ग्रंथाचा विशेष म्हणजे सोडविलेली उदाहरणे. सूत्र येते, लगेच त्याचा आकड्यांतील उपयोग येतो, मग आणखी एक, मग आणखी एक. वाक्ये आखूड, शब्दसंग्रह मर्यादित, रचना ठरावीक. इंग्रजीवर पूर्ण प्रभुत्व नसलेल्या विद्यार्थ्याला या ग्रंथाचा आधार वाटतो, तो खोटा नाही. त्या आधाराची हेटाळणी करणाऱ्या विद्वानांनी मराठी शाळेतून आलेल्या मुलाच्या हाती व्हाइट यांचे पुस्तक देऊन एक आठवडा त्याच्या शेजारी बसावे. परंतु या पद्धतीत वाक्य हळूहळू लोप पावते आणि सूत्र उरते. बेर्नुली समीकरणाच्या विवेचनात हा दोष स्पष्ट दिसतो. बन्सल यांनी द्रायूच्या कणाची एका प्रवाहरेषेवरील गती घेऊन समीकरण सिद्ध केले आहे आणि त्याची गृहीतके क्रमांक घालून मांडली आहेत. द्रायू आदर्श असावा, प्रवाह स्थिर असावा, असंपीड्य असावा, आणि चौथे, प्रवाह अघूर्णी असावा. यांतील चौथी अट एकाच प्रवाहरेषेवरील सिद्धतेला लागतच नाही. कुंभाराच्या चाकावर ठेवलेल्या बादलीतील पाणी चाकाच्या वेगाने फिरू लागले की तो प्रवाह अघूर्णी नसतो. तरीही त्यातील कोणत्याही एका वर्तुळाकार प्रवाहरेषेवर बेर्नुलीची बेरीज सर्वत्र सारखीच राहते. एका वर्तुळावरून दुसऱ्यावर जाताना ती बदलते आणि तेथेच अघूर्णी असण्याच्या अटीचा प्रश्न उद्भवतो. म्हणजे ती अट दुसऱ्या विधानाची आहे. यादीत ती का आली, हे विद्यार्थी विचारीत नाही. तो चारही अटी पाठ करतो, कारण परीक्षेत त्या लिहाव्या लागतात. सूत्र आणि अट यांना जोडणारे वाक्य नाहीसे झाले की अट ही केवळ यादी होऊन बसते.

व्हाइट यांचा ग्रंथ युक्तिवादाच्या दृष्टीने तिघांत श्रेष्ठ आहे, यात संशय नाही. त्यांनी दाबाच्या वाटणीनंतर तिसऱ्या प्रकरणातच ‘कंट्रोल व्हॉल्यूम’ची विचारसरणी आणली. अवकाशाचा एक भाग कल्पनेने आखून घ्यावा आणि त्यात काय शिरते, काय बाहेर पडते याचा हिशेब मांडावा, अशी ही विचारसरणी. यातून वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचे नियम एकाच पद्धतीने हाती येतात. परंतु या हिशेबासाठी लागणारे गणित विद्यार्थ्याच्या इतर विषयांत बहुधा तोवर स्थिरावलेले नसते. शिवाय व्हाइट यांचे गद्य मिश्कील आहे. मिश्कीलपणा हा परभाषेत सर्वांत शेवटी कळणारा गुण होय. जो विद्यार्थी वाक्याचा अर्थ लावण्यात गुंतला आहे, त्याला लेखक विनोद करीत आहे की इशारा देत आहे, हे ओळखता येत नाही.

मन्सन प्रभृतींनी निराळा मार्ग धरला. त्यांनी बेर्नुली समीकरण तिसऱ्या प्रकरणात घेतले. प्रवाहाचे शुद्धगतिक वर्णन चौथ्यात आणि ‘कंट्रोल व्हॉल्यूम’ पाचव्यात. ह्या क्रमाला अनेक अध्यापकांचा आक्षेप आहे. आदर्श द्रायूचे समीकरण इतक्या लवकर हाती दिले तर विद्यार्थी ते सर्वत्र वापरतो, असे ते म्हणतात. आक्षेप निराधार नाही. तथापि हे प्रकरण काळजीपूर्वक वाचले असता त्याची रचना आढळते ती अशी. विद्यार्थ्याला शाळेपासून ठाऊक असलेला न्यूटनचा दुसरा नियम प्रथम प्रवाहरेषेच्या दिशेने आणि नंतर तिच्या लंबदिशेने लावला आहे. शेवटी समीकरणाच्या मर्यादांसाठी स्वतंत्र भाग राखला आहे. संपीड्यता, अस्थिरता, घूर्णन यांचे परिणाम त्यात एकेक घेऊन समीकरण कोठे आणि का मोडते ते दाखविले आहे. येथे अट ही यादी नाही, ती एक घटना आहे.

या मुद्द्याला मराठीच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. इंग्रजी वैज्ञानिक गद्यात मुख्य विधान आधी येऊन अट मागाहून जोडण्याची पद्धत फार रूढ आहे. परक्या भाषेत वाचणारा विधान उचलतो आणि शेपटी सोडून देतो. मराठीत ‘घर्षण नगण्य मानल्यास’, ‘प्रवाह स्थिर असता’ अशी रचना स्वाभाविक आहे. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे अट ओलांडल्याखेरीज निष्कर्षाशी पोहोचताच येत नाही. इंग्रजी पुस्तक वाचतानाही अध्यापकाने ते वाक्य फळ्यावर मराठीत एकदा मांडले, तर अट गळून पडत नाही. परिभाषा ठरविण्यात जितका वेळ जातो, त्याच्या दशांश वेळही या वाक्यरचनेला मिळत नाही.

अट गळली म्हणजे काय होते, याचे उदाहरण सोलापूरच्या नळातच आहे. उजनी जलाशयातील पाणी शंभरहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळमार्गाने या शहरात येते. या नळमार्गाला बेर्नुली समीकरण मूळ रूपात लावले, तर वाटेतील घर्षणाने होणारा ऊर्जाव्यय हिशेबातून सुटतो. आणि एवढ्या लांब नळात पंपाला करावे लागणारे बरेचसे काम त्या व्ययापोटीच असते. हा व्यय बन्सल यांच्या ग्रंथात अकराव्या, मन्सन यांच्या आठव्या व व्हाइट यांच्या सहाव्या प्रकरणात येतो. तिन्ही ठिकाणी तो ‘हेड’च्या रूपात मांडला आहे. ‘हेड’चे भाषांतर ‘शीर्ष’ असे केले जाते. ते शब्दाचे भाषांतर झाले, अर्थाचे झाले नाही. वस्तुतः ती राशी म्हणजे मीटरमध्ये मोजलेली पाण्याच्या स्तंभाची उंची. ‘उंची’ हा शब्द मराठीत आहे, तो सर्वांना कळतो, आणि ‘घर्षणात इतकी उंची गेली’ असे सांगितले असता विहिरीवरील मोटर बसविणारा शेतकरीही मान डोलावील.

मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्याची कल्पना नवी नाही. मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली निघालेल्या संस्थेत मराठी व गुजराती भाषांतून हे शिक्षण दिले जाई. २०२१ साली आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांनी मराठीसह पाच भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे अध्यापन आरंभण्याचे ठरविले, आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी यांत्रिक साधनही तयार झाले. परंतु यंत्राला ‘विष्यंदिता’ आणि ‘श्यानता’ यांतील भेद सांगावा लागतो, आणि ‘यामिकी’च्या जागी हिंदीतील ‘यांत्रिकी’ बसली तर मराठी वाचकाला तो यंत्रशास्त्राचा ग्रंथ वाटेल. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषेचे जे काम केले, ते या भाषांतरांच्या हाती न देता पुढे जाणे हा उधळेपणा होय.

तूर्त सोलापुरातील वर्गासाठी पहिले पुस्तक म्हणून मन्सन प्रभृतींचा ग्रंथ घ्यावा, उदाहरणांच्या सरावासाठी बन्सल यांचा जवळ ठेवावा, आणि व्हाइट यांच्याकडे विषय एकदा संपल्यावर वळावे, हा क्रम सयुक्तिक दिसतो. मन्सन यांच्या ग्रंथात मेट्रिक एककांच्या जोडीला ‘स्लग’सारखी अमेरिकन एककेही येतात, ती उदाहरणे अध्यापकाने निःशंकपणे वगळावीत. या ग्रंथाचे मराठीकरण कोणी हाती घेतले, तर प्रारंभ पहिल्या प्रकरणापासून न करता तिसऱ्यातील मर्यादांच्या भागापासून करावा. तो भाग लहान आहे, त्यात नव्या परिभाषेची गरज थोडी आहे, आणि प्रत्येक परिच्छेदात एक तरी ‘असता’ किंवा ‘नसल्यास’ योग्य जागी बसवावा लागतो.