चार ओळींची क्वेरी

सिलेक्ट तारीख, रक्कम फ्रॉम रोख_विक्री
युनियन
सिलेक्ट तारीख, रक्कम फ्रॉम ऑनलाइन_विक्री
ऑर्डर बाय तारीख;

एसक्यूएलमधली ही रचना मला फार आवडते. वरची आणि खालची क्वेरी आपापल्या परीने पूर्ण आहे, दोन्ही स्वतंत्रपणे चालतात. मधल्या एका शब्दाने त्यांची मिळून एकच यादी होते. अट एवढीच, की दोन्हींकडचे रकाने संख्येने सारखे आणि प्रकाराने जुळणारे हवेत. जुळणी होते ती क्रमाने. रकान्याच्या नावाकडे डेटाबेस पाहत नाही, निकालावर पहिल्या क्वेरीतलीच नावे येतात. शेवटची ओळ दुसऱ्या क्वेरीला चिकटलेली दिसते, पण ती आहे जोडून झालेल्या संपूर्ण यादीची.

खरी खोली मात्र दुसऱ्या ओळीत आहे. समजा, रोख विक्रीत 5 मार्चला 250 रुपयांच्या दोन नोंदी आहेत आणि 6 मार्चला 400 ची एक. ऑनलाइनमध्ये 5 मार्चला 250 आणि 6 मार्चला 100. एकूण पाच नोंदी, 1250 रुपये. ही क्वेरी हातात देते तीन नोंदी, 750 रुपये! दोन टेबलांत सामाईक असलेली नोंद एकदाच येणार, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण युनियन एकाच टेबलातल्या सारख्या नोंदीही एक करून टाकते, हे पटकन ध्यानात येत नाही. दोन वेगळ्या गिऱ्हाइकांनी रोख दिलेले अडीचशे तिच्या लेखी एकच.

यात भाषेची चूक नाही. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी गणितातल्या संचांच्या पायावर उभी केली, आणि संचात एक घटक एकदाच असतो. युनियन त्या विचाराशी प्रामाणिक राहिली आहे. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये जी भाषा मांडली, तिचेच पुढे एसक्यूएल झाले. या भाषेतले साधे सिलेक्ट मात्र पुनरावृत्ती तशीच ठेवते, ती गाळायची तर डिस्टिंक्ट लिहावे लागते. युनियनमध्ये नेमके उलटे: पुनरावृत्ती राखायची तर युनियन ऑल असे स्पष्ट म्हणावे लागते. एकाच वाक्यात दोन वृत्ती शेजारी नांदतात, गणिती शिस्त आणि हिशेबाची गरज. मला ही विसंगती लपवण्यासारखी वाटत नाही, तिच्यामुळेच ही भाषा जिवंत वाटते.

रिकाम्या मूल्याची, म्हणजे नलची, गोष्ट तर याहून सूक्ष्म. व्हेअरमध्ये नल बरोबर नल असे विचारले तर उत्तर 'अज्ञात' येते, कारण दोन न कळलेल्या गोष्टी समान आहेत असे कोण म्हणणार? युनियन मात्र तारीख आणि रक्कम दोन्ही नल असलेल्या दोन नोंदी एक करते. तिचा प्रश्नच निराळा आहे: या दोघींना वेगळे ओळखता येते का? समान असणे आणि वेगळे न ओळखता येणे यांतले हे अंतर इतक्या रोखठोक भाषेने पाळावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

इंटरसेक्ट आणि एक्सेप्ट ही युनियनची भावंडे. एक समान तेवढे ठेवते, दुसरे वजाबाकी करते (ओरॅकलमध्ये तिला मायनस म्हणत आले आहेत). प्रमाण एसक्यूएलमध्ये इंटरसेक्टचा मान आधी, म्हणून तिघे एकत्र आले की कंस घालावेत.

आता आपल्या क्वेरीकडे. प्रत्येक सिलेक्टमध्ये 'रोख' किंवा 'ऑनलाइन' असा तिसरा रकाना घातला, तर नोंदी चार होतात, बेरीज 1000. रोखीतले दुसरे अडीचशे अजून हरवलेलेच. बिल क्रमांक घेतला की पाचही नोंदी परततात. त्यानंतरही मी युनियन ऑलच लिहीन: सगळ्या नोंदी वेगळ्याच आहेत हे आपल्याला ठाऊक असताना, सारख्या नोंदी शोधण्याचे काम डेटाबेसला कशाला लावायचे?