‘रिव्हर’ : नदीचे नेपथ्य की नदीचे कर्तृत्व?

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रायोगिक नृत्य व संगीत रंगमंदिराच्या चौकटीबाहेर पडले. उद्याने, छपरे, खाणी आणि नदीकाठ ही त्याची नवी स्थळे ठरली. मात्र स्थळ बदलले म्हणून कलाकृतीचे स्वरूप बदलतेच असे नाही. पुष्कळदा निसर्ग हा केवळ देखणा पडदा म्हणून वापरला जातो. या दृष्टीने एइको आणि कोमा या जपानी-अमेरिकन नर्तक दांपत्याची ‘रिव्हर’ (१९९५) ही कलाकृती अभ्यसनीय आहे. तिच्यातील नदीचे नेमके स्थान तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

एइको व कोमा यांनी १९७१ मध्ये तोक्योत तात्सुमी हिजिकाता यांच्या नृत्यसंस्थेत काम केले. काझुओ ओनो यांच्याकडेही ते शिकले. पुढे जर्मनीत त्यांनी मान्या श्मील यांचे मार्गदर्शन घेतले. १९७६ मध्ये त्यांचा अमेरिकेतील पहिला प्रयोग झाला आणि नंतर न्यूयॉर्क हीच त्यांची कर्मभूमी ठरली. हिजिकाता व ओनो हे ‘बुतो’ नृत्याचे प्रवर्तक असले, तरी स्वतःच्या नृत्याला ते नाव लावणे या दांपत्याने टाळले.

विवेचन

‘रिव्हर’चा प्रयोग सायंकाळी वाहत्या पाण्यात होतो. प्रेक्षक काठावर बसतात. नर्तक पाण्यात उतरून अत्यंत मंद गतीने तरंगतात, बुडतात, एकमेकांना धरतात आणि सोडतात. जड वाइसबर्ग या शिल्पकाराने वाहून आलेल्या लाकडांतून घडविलेली रचनाही त्यांच्यासोबत पाण्यात असते. कथानक नाही, पात्रे नाहीत.

या मंदगतीला भारतीय वाचक सहजच ‘विलंबित लय’ म्हणेल. परंतु ती उपमा अपुरी आहे. विलंबित लयीत दोन मात्रांमधील अंतर वाढते, तरी तालाचे आवर्तन कायम असते आणि सम अपेक्षित असते. येथे सम नाही. काळाचे माप प्रवाह आणि मावळता उजेड यांच्याकडे आहे. पाण्याला वेग असेल तर शरीराला त्याच्याशी झुंजावे लागते. ते संथ असेल तर शरीर स्वाधीन करता येते. त्यामुळे नर्तकांचा निर्णय हा नेहमीच अर्धा निर्णय राहतो.

संस्कृत काव्यशास्त्रात नदीतीर, चांदणे, वारा हे उद्दीपन विभाव मानले जातात. ते नायक-नायिकेच्या भावाला चेतवतात. स्वतः कृती करीत नाहीत. ‘रिव्हर’मध्ये ही व्यवस्था ढळते. नदी भाव उद्दीपित करून थांबत नाही, ती हालचाल घडविते. मर्स कनिंगहॅम यांच्या ‘ओशन’शी (१९९४) तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. जॉन केज यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या ९० मिनिटांच्या कृतीत नर्तक मध्यभागी, भोवती प्रेक्षक आणि त्यांच्याही बाहेर ११२ वादक अशी योजना होती. २००८ मध्ये मिनेसोटातील ग्रॅनाइटच्या खाणीत तिचा प्रयोग झाला. तेथे समुद्र ही रचनेमागील संकल्पना आहे. ‘रिव्हर’मध्ये पाणी हे प्रत्यक्ष द्रव्य आहे.

१९९७ मध्ये या कृतीची रंगमंचीय आवृत्ती झाली. सोमेइ सातो यांचे संगीत क्रोनोस क्वार्टेटने प्रत्यक्ष वाजविले. प्रदीर्घ स्वर आणि त्यांमधील निःशब्द अवकाश ही सातो यांच्या संगीताची ओळख. नदीकाठी जे काम प्रवाह करीत होता, ते येथे तंतुवाद्यांकडे आले. ही आवृत्ती अधिक बांधेसूद होणे स्वाभाविक होते. पण प्रकाश कधी मंदावावा हे आता योजकाच्या हाती आले. प्रवाहाची अनिश्चितता मात्र संगीताला पुरवता येत नाही.

मर्यादा

‘रिव्हर’वर एक आक्षेप घेता येतो. तिच्यातील नदी आदिम, जणू मनुष्यपूर्व आहे. धरणे, सांडपाणी, विस्थापन यांचा इतिहास तिच्यात उमटत नाही. काठावरचा प्रेक्षक सौंदर्यानुभव घेऊन परततो. नदीशी असलेल्या आपल्या व्यवहाराचा प्रश्न त्याला पडेलच असे नाही. निसर्गाला कर्तृत्व देताना मनुष्याचे उत्तरदायित्व दृष्टिआड होते, हा या सौंदर्यदृष्टीतील अंतर्विरोध होय. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर एइको यांनी २०१४ पासून इतिहासकार-छायाचित्रकार विल्यम जॉन्स्टन यांच्यासह फुकुशिमाच्या निर्मनुष्य परिसरात जे काम केले, त्यात ही उणीव भरून निघते. शरीर तेच, मंदगती तीच. परंतु आता स्थळाला मानवी इतिहास आहे.

निष्कर्ष

‘रिव्हर’ने नदीला नेपथ्यातून बाहेर काढून सहकलावंताचे स्थान दिले, हे तिचे निर्विवाद श्रेय आहे. तथापि सहकलावंत मानलेल्या नदीची आजची अवस्था विचारात घेणे हेही त्या नात्यात अभिप्रेत आहे. नदीकाठच्या यापुढील प्रयोगांचे मूल्यमापन करताना या दोन्ही कसोट्या एकत्रितपणे लावणे आवश्यक ठरते.