दोन मायक्रोफोन आणि एक पंखा

घरगुती ध्वनिमुद्रणासाठी कंडेन्सर मायक्रोफोनांच्या ज्या तुलना वाचायला मिळतात, त्यांत रोड एनटी१-ए आणि ऑडिओ-टेक्निका एटी२०२० ही जोडी अनेकदा भेटते. निकालही बहुधा ठरलेला असतो: रोडचा आवाज ‘भरदार’, दुसऱ्याचा ‘पातळ’. धडे मुद्रित करायला यांतला कोणता घ्यावा, असे एका शिक्षक मित्राने विचारले, म्हणून आम्ही दोन्ही एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवून ऐकले. त्या निकालाशी आमचे काही जमले नाही.

दोघांचे तत्त्व एकच. धातूचा मुलामा दिलेला पातळ पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी मिळून एक धारित्र बनते. आवाजाने पडदा हलला की धारकता बदलते आणि हा बदल विद्युतदाबाच्या रूपाने बाहेर येतो. धारित्र भारित ठेवण्यासाठी रोड बाहेरून पुरवलेल्या ४८ व्होल्टचा उपयोग करतो. एटी२०२०मध्ये भार कायमचाच साठवलेला असतो. तरी आतल्या प्रवर्धकासाठी ४८ व्होल्ट त्यालाही लागतातच.

आता ‘भरदार’पणाकडे वळू. माहितीपत्रकांनुसार १ पास्कल ध्वनिदाबाला रोड २५ मिलिव्होल्ट देतो, एटी२०२० सुमारे १४. हा फरक ५ डेसिबलचा झाला. जे मोठ्याने ऐकू येते ते कानाला अधिक चांगले वाटते, ही कानाची जुनी खोड आहे. आम्ही रोडची पातळी ५ डेसिबलने उतरवली आणि नाव न सांगता घरच्यांना ऐकवले. बोलण्यावरून कोणता कोणता हे खात्रीने कोणालाच सांगता येईना. ‘स’ आणि ‘श’ रोडवर किंचित टोचतात, एवढेच आम्हाला जाणवले. पातळी जुळवल्याचा उल्लेख नसलेली तुलना आम्ही तरी तुलना मानत नाही.

दुसरा मुद्दा अंगभूत खरखरीचा. रोडची ५ डेसिबल, एटी२०२०ची २०. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण रात्री पंखा बंद केलेल्या शांत खोलीतही ३५ डेसिबल गोंगाट असू शकतो. डेसिबल सरळ बेरजेने मिळवत नाहीत, ऊर्जा मिळवायची असते. ३५ डेसिबलची ऊर्जा २० डेसिबलच्या सुमारे ३२ पट. म्हणून दोन्ही मिळून ३५.१ होतात. रोड घेतला तर ३५.०! (विद्यार्थ्यांना लॉगॅरिदमचे उदाहरण म्हणून हे गणित जरूर घालावे.) खोलीच २० डेसिबलइतकी शांत असेल, तर मात्र एकूण गोंगाट एटी२०२०ने २३ होईल आणि रोडने २० च राहील.

वाद्यांचे काय? तबल्याला दोन्ही पुरेत. रोड १३७ डेसिबलपर्यंत सोसतो, एटी२०२० १४४ पर्यंत. तंबोरा मात्र वेगळा. त्याचा विरत जाणारा झंकार शांत जागी मुद्रित करायचा असेल, तर रोडसाठी जास्त पैसे मोजावेत.

मित्राला आम्ही एटी२०२० सुचवला. वाचलेल्या पैशांतून दोन जाड गोधड्या घेऊन त्या भिंतीवर टांगायला सांगितले आणि तोंडापासून मायक्रोफोनचे अंतर निम्मे करायला. त्याने आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट. पंखा बंद करायला मात्र तो अजून तयार नाही.