अक्षर पोहोचते, अर्थ अडतो : ‘यूयूएन्कोड’ या आज्ञावलीची समीक्षा

प्रस्तावना :

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यानंतरच्या काळात मराठी शोधनिबंध हस्तलिखिताकडून संगणकीय टंकलेखनाकडे आणि तेथून ई-मेलकडे आला. या प्रवासात एक अडचण वारंवार येत राहिली. लेखाची फाइल संपादकांकडे पोहोचते, परंतु उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. ‘ई-मेलमध्ये मजकूर बिघडला’ असे आपण म्हणतो. हा दोष खरोखर ई-मेलचा आहे काय? फाइल ई-मेलने पाठविण्याच्या परंपरेतील आद्य साधनांपैकी एक असलेल्या ‘यूयूएन्कोड’ या आज्ञावलीची समीक्षा करून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आज्ञावलीचे स्वरूप व कार्यपद्धती :

ई-मेलची घडण इंग्रजीसाठी झाली. आस्की संकेतात १२८ चिन्हे असून त्यांना ७ बिट पुरतात. १९८२ च्या एसएमटीपी नियमावलीनेही हीच मर्यादा स्वीकारली. चित्र, ध्वनी किंवा संगणकीय प्रोग्राम यांच्या फाइलमधील प्रत्येक बाइट मात्र ८ बिटांचा असतो. तो या वाटेने सुरक्षित जाईल याची खात्री नव्हती.

मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८० साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना यावर उपाय म्हणून ‘यूयूएन्कोड’ लिहिली. तिची रीत अगदी साधी आहे. तीन बाइट म्हणजे २४ बिट घ्यावयाचे, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटाच्या संख्येत ३२ मिळवून एक छापील चिन्ह तयार करावयाचे. मूळ फाइलमधील ४५ बाइटांची एक ओळ होते. प्रारंभी ‘बिगिन’ हा शब्द, ६४४ सारखा परवानगीचा अंक व फाइलचे नाव, तर शेवटी ‘एंड’ हा शब्द येतो. पलीकडे ‘यूयूडिकोड’ ही आज्ञा मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळवून देते. या सुरक्षिततेसाठी आकार एक तृतीयांशाहून थोडा अधिक वाढतो.

गुण आणि मर्यादा :

आशयाबाबत संपूर्ण तटस्थता हा या आज्ञावलीचा मोठा गुण होय. फाइलमध्ये काय आहे हे ती विचारीत नाही. चांगल्या टपालवाहकाप्रमाणे ती पाकीट फोडत नाही.

तिची मर्यादाही याच गुणात आहे. फाइलचे नाव आणि परवानगी ती सांगते; पण आतील मजकूर कोणत्या प्रकारचा व कोणत्या लिपिसंकेतातील आहे, याविषयी ती मौन बाळगते. शिवाय तिच्या मूळ रूपात शून्यासाठी रिकामी जागा वापरली जात असे, आणि काही टपाल-यंत्रणा ओळीच्या शेवटची रिकामी जागा गाळून टाकीत. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी मांडलेल्या ‘माइम’ मानकाने ‘बेस६४’ ही अधिक निर्धोक चिन्हमाला दिली. तिच्याबरोबर मजकुराचा प्रकार आणि लिपिसंकेत सांगणारी चिठ्ठीही जोडली. चिन्हमालेच्या सुधारणेपेक्षा ही चिठ्ठीच अधिक महत्त्वाची ठरली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठीचा प्रश्न :

रोमन लिपीतील ‘नांदेड’ हे नाव सहा बाइटांचे असून ते ई-मेलमधून कोणत्याही वेषांतराविना जाते. देवनागरीत याच नावाला मात्रा व अनुस्वार धरून सहा संकेत लागतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक संकेताचे तीन बाइट, म्हणजे एकूण अठरा बाइट होतात. बेस६४ मध्ये त्यांची चोवीस चिन्हे बनतात. यूयूएन्कोडमध्ये ‘न’ हे एक अक्षर ‘एक्स, तारका, २, एच’ असे रूप घेते. म्हणजेच या जुन्या वाटेने जाताना मराठीला साध्या मजकुराचा मान नव्हता. तिला चित्राच्या फाइलसारखे बांधूनच जावे लागे.

हा अन्याय खरा आहे, पण त्यात हानी नाही. चोवीस चिन्हांतून ‘नांदेड’ पुन्हा अचूक उभे राहते. हानी झाली ती अन्यत्र. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टपद्धतींत रोमन संकेतांच्या जागांवर देवनागरी आकार बसविले गेले. एका आकाराला साधारणतः एकच बाइट लागत असल्याने फाइल लहान राही, आणि छपाईचे काम उत्तम होई. या सोयीचे महत्त्व नाकारता येणार नाही. परंतु अशी फाइल संगणकाला स्वतःची ओळख रोमन म्हणूनच करून देते. चिठ्ठीवरच चुकीचे नाव असेल तर वाहकाने काय करावे? प्रत्येक बाइट शाबूत पोहोचतो आणि भाषा हरवते.

हा प्रश्न केवळ ई-मेलपुरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर शोधप्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती ‘शोधगंगा’ भांडारात ठेवल्या जाऊ लागल्या. जुन्या फॉन्टमधील प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना शुद्ध मराठी दाखवते. मात्र तिच्यात ‘लातूर’ हा शब्द शोधला असता तो सापडत नाही. असा प्रबंध जतन होतो, पण पुढील अभ्यासकाच्या शोधात येत नाही.

निष्कर्ष :

यूयूएन्कोडने आपले काम प्रामाणिकपणे केले. अर्थाची जबाबदारी तिने घेतली नव्हती. ती पाठविणाऱ्याची होती. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे. म्हणून संशोधनपत्रिकांनी युनिकोडमधीलच लेख स्वीकारावेत. जुन्या फाइली मूळ फॉन्टच्या नावाची नोंद करून ठेवाव्यात आणि ते फॉन्ट जाणणारे टंकलेखक आपल्यात आहेत तोवरच त्यांचे रूपांतर करून घ्यावे. रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणेही आवश्यक आहे, कारण जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात. हे काम खर्चिक नाही, कष्टाचे आहे. ते टाळल्यास मराठवाड्यातील दोन पिढ्यांचे मराठी संशोधन सुरक्षित राहूनही निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे.