अर्ज कसा वाचावा? इंदापूरची पड जमीन, सुप्याची जळलेली खतं आणि ‘दाद’ या शब्दाचा अर्थ

विषय रुक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. अर्ज, तक्रार, फिर्याद यांना साहित्याच्या इतिहासात जागा नाही. बखरीला आहे, पोवाड्याला आहे. अर्जाची जागा दफ्तरात, रुमालात बांधलेली. पण एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याचं म्हणणं कागदावर उतरलं ते मुख्यतः दोनच प्रकारांत. एक, सावकाराला लिहून दिलेलं खत. दुसरा, सरकारला केलेला अर्ज. दोन्ही त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले नसायचे. दोन्हींवर त्याची निशाणी मात्र असायची, बहुधा नांगराची. या दुसऱ्या कागदाकडे आपण कसं बघतो आणि कसं बघायला हवं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी शब्द. ‘अर्ज’ अरबीतून आला, त्यात समोर मांडण्याचा भाव आहे. ‘फिर्याद’ फारसीतून आली, तिच्या मुळाशी हाक आहे, टाहो आहे. आणि ‘दाद’. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीत आपण दाद मागतो म्हणजे न्याय मागतो. पण गवयाला दाद देतो तेव्हा आपण काय देतो? ऐकल्याची पावती. ‘त्याने दाद दिली नाही’ म्हणजे त्याने लक्षच दिलं नाही. न्याय मिळणं आणि ऐकलं जाणं, हे दोन अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवले आहेत. माझा आजचा सगळा युक्तिवाद या एका शब्दावर उभा आहे, तेवढा लक्षात ठेवा.

आता अर्जाचे प्रचलित अर्थ बघू. एक गट म्हणतो, अर्ज म्हणजे लाचारी. ‘मायबाप सरकार’, ‘गरीब रयत’, ‘चरणी विनंती’ ही भाषाच गुलामाची. दुसरा गट, मुख्यतः गेल्या चाळीसेक वर्षांतल्या इतिहासकारांचा, नेमका उलटा जातो. तो म्हणतो, ही नम्रता वरवरची आहे, आत प्रतिकार दडलेला आहे. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. दोघंही अर्ज करणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधत बसतात. ते मन आपल्या हाती येणार नाही. हाती आहे तो युक्तिवाद, आणि तो कागदावर आहे.

‘मायबाप’ हाच शब्द घ्या. तुम्ही मायबाप आहात असं मी म्हणतो, तेव्हा मी स्वतःला लहान करतो हे खरं. पण त्याच वाक्यात मी तुमच्यावर एक कर्तव्य टाकतो. पोराला उपाशी ठेवणारे मायबाप कसले? सरकार स्वतःविषयी जे सांगतं, तेच गृहीत धरून सरकारला कोंडीत पकडायचं. तर्कशास्त्रात ही जुनी रीत आहे: प्रतिपक्षाचंच विधान घ्यायचं आणि त्यातून त्याला अडचणीचा निष्कर्ष काढून दाखवायचा. मी याला लाचारी म्हणणार नाही आणि बंडही म्हणणार नाही. हा कारणाची मागणी करणारा युक्तिवाद आहे.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. १८१८ साली पेशवाई गेली आणि पुणे कंपनीकडे आलं. त्याच सालापासून आयर्लंडमध्ये डब्लिन कॅसलच्या मुख्य सचिवाच्या कचेरीत येणारे कागद नोंदवून ठेवलेली मालिका सुरू होते. त्यात शेतकरी, विधवा, नोकरी गेलेले कारकून, तुरुंगातले कैदी, सगळ्यांच्या विनंत्या आहेत. तिथलीही भाषा अशीच लवून बोलणारी. आणि काही वर्षांत त्याच देशात ‘कॅप्टन रॉक’ या टोपणनावाने धमकीची पत्रं फिरू लागतात, खंड कमी करा नाहीतर बघा म्हणून. विनंती आणि धमकी एकाच काळात, एकाच वर्गातून येतात. तेव्हा एवढंच विचारायचं, विनंती कुठे संपली आणि धमकी का सुरू झाली?

हाच प्रश्न घेऊन इंदापूरला येऊ. मराठेशाहीत तक्रारीची एक रीत कागदाची होती. हुजूर जायचं आणि ‘विदित’ करायचं. पण त्याहून जुनी रीत पायाची होती. जुलूम असह्य झाला की कुणबी गाव सोडून निघून जायचा. मग कामाविसदाराला जाग यायची, कारण ओस गावातून वसूल कुठला? तो कौल द्यायचा, अभय द्यायचा, इस्तावा ठरवायचा, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा आणि पुढे चढत जाणारा. गाव सोडणं ही तक्रार होती आणि कौल हे तिचं उत्तर होतं. ही व्यवस्था न्यायी होती असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या गेल्या आणि रयतेचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पण तक्रार वाचता येण्याजोगी होती.

मग रॉबर्ट कीथ प्रिंगल आला. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला हुशार तरुण. १८२०च्या दशकाच्या अखेरीस त्याने पुण्याच्या भागाची पाहणी केली. तत्त्व रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताचं: एकूण उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा करा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून सांगतो, कल्पना देखणी आहे. पण तिच्यासाठी लागणारे आकडे कोण देणार? मोजणीला खालचे नोकर, ते पैसे घेऊन काळीची मुरमाड करणार आणि मुरमाडाची काळी. आणि इंदापूर म्हणजे अवर्षणाचा मुलूख. एका वर्षी ज्वारी पदरात पडली तर दुसऱ्या वर्षी कडबाही नाही. त्यात धान्याचे भाव पडले. सारा रोख भरायचा, म्हणजे भाव पडले की सारा न वाढताही वाढला.

इंदापूरच्या रयतेने जुनी तक्रार केली. जमिनी टाकल्या, काहींनी मुलूखच सोडला. कंपनीच्या दफ्तरात या तक्रारीचं काय झालं? ती ‘पड’ या रकान्यात गेली. पूर्वी जी हाक होती ती आता आकडा झाली. आणि सारा वसूल होईना तेव्हा सरकारने काय केलं? दर कायम ठेवले आणि दरसाल सूट दिली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. सूट आणि दर-दुरुस्ती यांत पैशाचा फरक एखाद्या वर्षी शून्य असेल. पण अर्थाचा फरक केवढा! दर दुरुस्त करणं म्हणजे ‘तुझं म्हणणं बरोबर होतं’ असं मान्य करणं. सूट म्हणजे ‘आमचंच बरोबर आहे, पण आम्ही दयाळू आहोत’. सूट घेणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा दारात यावं लागतं. ती कुणाला किती द्यायची हे ठरवणाऱ्या मधल्या कारकुनाचं तर फावतंच. शेतकरी आणि गोरा साहेब यांच्या मधे बसलेल्या या कारकुनावर जोतीराव फुल्यांनी पुढे किती कडाडून लिहिलं, ते इथे वेगळं सांगायला नको.

१८३५–३६मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातच नवी पाहणी केली. निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला ठेवलं. जमिनीची खोली आणि पोत बघून नऊ प्रती लावल्या, मागच्या वसुलाचा इतिहास पाहिला, दर उतरवले आणि ३० वर्षांची हमी दिली. मुंबई इलाख्यातली पुढची सगळी रयतवारी पाहणी या इंदापूर तालुक्यातून निघाली. पड जमीन लागवडीखाली आली. हे चांगलं झालं, ते नाकारण्याचं कारण नाही.

पण प्रश्न विचारू. दाद मिळाली का? न्याय या अर्थाने, बऱ्याच अंशी मिळाली. ऐकलं जाण्याच्या अर्थाने? रयत वर्षानुवर्षं सांगत होती की सारा जमिनीला झेपत नाही. ते खरं ठरलं ते साहेबाने सांगितल्यावर, ‘पाहणीचा निष्कर्ष’ म्हणून. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७मध्ये या प्रकारच्या अन्यायावर पुस्तक लिहिलं. त्याला आपण ज्ञानविषयक अन्याय म्हणू. माणूस कोण आहे यावरून त्याच्या सांगण्याला कमी विश्वास द्यायचा. त्यात त्याचं फक्त नुकसान होत नाही, जाणणारा माणूस म्हणून त्याचा दर्जाच काढून घेतला जातो. प्रिंगलच्या काळात वसुलीसाठी रयतेचा छळ झाला, लोक पळून गेले, हे मुंबई सरकारने १८७२–७३च्या आपल्या कारभार-अहवालात स्वतःच लिहिलं आहे. चाळीस वर्षांनी! तोवर ते कबूल करणं स्वस्त झालं होतं, कारण त्यामुळे नव्या पद्धतीची थोरवी दिसत होती.

आणि नेमकं त्याच सुमारास काय चाललं होतं? ३० वर्षं संपली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले होते, रेल्वे आली होती. त्या तेजीच्या भरात १८६७मध्ये इंदापूरचा सारा पुन्हा वाढवला. नंतर भाव कोसळले. यावेळी तक्रार मांडायला पुण्याची सार्वजनिक सभा होती, १८७० साली स्थापन झालेली. तिने रयतेची स्थिती लेखी, आकड्यांसह मांडली. १८७४च्या ऑक्टोबरात सरकारने ठराव केला की वाढ तालुक्याला ३३, गावाला ६६ आणि एका खातेदाराला १०० टक्क्यांवर जाऊ नये. उशीर झाला होता. १२ मे १८७५ला, बाजाराच्या दिवशी, सुप्यात सावकारांची दुकानं लुटली गेली. आज आपल्या बारामती तालुक्यातलं, तेव्हा भीमथडीतलं हे सुपे. माणसं फारशी मारली गेली नाहीत. जाळली गेली ती खतं.

मी सुरुवातीला दोन कागदांविषयी बोललो होतो. एक कागद वर जात होता, त्याला उत्तर येत नव्हतं. दुसरा कागद घरावर जप्ती आणत होता, त्याला कोर्टात तत्काळ दाद होती. शेतकऱ्याने दुसरा कागद जाळला. मला वाटतं, हे अडाण्यांचं कागदाविषयीचं भय नव्हतं. कोणत्या कागदाला किंमत आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं.

त्यानंतर आयोग बसला. आयोगाचा भर सावकारावर राहिला. सारावाढीचाही यात हात आहे, हे ऑकलंड कॉल्व्हिन या सदस्याने वेगळ्या टिपणात मांडलं. १८७९चा कायदा आला तो शेतकरी आणि सावकार यांच्या व्यवहाराचा. तक्रारीत दोन नावं होती. सरकारने मुख्यतः एकच वाचलं, आणि ते स्वतःचं नव्हतं.

एक आक्षेप येईल: मग अर्ज करण्यात अर्थच काय? याचं उत्तर आपल्या शेजारच्या सासवडला आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३मध्ये तिथे महारांची सभा भरवली आणि सरकारला अर्ज केला. लष्करात भरती, शिक्षण, नोकरी. १९१०मध्ये पुन्हा, थेट भारतमंत्र्यांकडे. सरकारने फारसं काही दिलं नाही. पण तो अर्ज लिहिताना पन्नास गावची माणसं एकत्र बसली आणि ‘आमचं’ म्हणणं काय हे त्यांनी ठरवलं. १९१९मध्ये साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकर उभे राहिले ते अर्जदार म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. अर्जदाराची दया येते. साक्षीदाराचं खोडून काढायचं तर पुरावा द्यावा लागतो. सूट मागणं आणि दर खोटा आहे असं सांगणं, यांतला फरक तोच.

आज आपल्याकडे लोकशाही दिन आहे, पोर्टल आहे, माहितीचा अधिकार आहे, २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदती ठरल्या. हे मोठं काम आहे. पण कालव्याच्या शेपटाकडच्या गावाने पाणी पोचत नाही म्हणून अर्ज केला आणि उत्तर आलं, ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’, तर काय झालं? मुदत पाळली, पोच मिळाली. कारण मिळालं का? पाणी सुटलं असेल तर मधे कुठे गेलं, हे त्या गावाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते जे सांगतंय ती माहिती आहे, रडगाणं नाही. ती माहिती म्हणून नोंदली जाते का?

इथे बरेच निवृत्त अधिकारी, शिक्षक, वकील बसले आहेत. तुमच्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, मला ठाऊक आहे. माझी एकच सूचना आहे. पुढच्या वेळी ‘कृपा करून मिळावे’च्या आधी एक परिच्छेद वाढवा: आम्ही काय पाहिलं, कोणत्या तारखेला पाहिलं, आणि तुमच्या नोंदीत ते का दिसत नाही याचं कारण लेखी द्यावं. उत्तर येईलच असं नाही. पण पुढे कुणी ते दफ्तर उघडेल, तेव्हा त्याला पड जमिनीच्या आकड्यावरून तुमचं म्हणणं ओळखत बसावं लागणार नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.