‘कॉल ऑफ द व्हॅली’ : रागसमय आणि कथाबंध

एकाच कल्पनेभोवती संपूर्ण ध्वनिमुद्रिका गुंफण्याची पद्धत पाश्चात्त्य संगीतात प्रोग्रेसिव्ह रॉकने प्रतिष्ठित केली. पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हे तिचे ठळक उदाहरण होय. त्याच्या सहा वर्षे आधी, १९६७ मध्ये, एचएमव्हीच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने हिंदुस्थानी वाद्यसंगीतात अशीच बांधणी साधली होती. मराठी भावगीताचे आद्य गायक जी. एन. जोशी हे तिचे निर्माते. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व ब्रिजभूषण काब्रा (गिटार) हे तिशीच्या उंबरठ्यावरील वादक आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर असा हा मेळ होता.

काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा दिवस हा येथील कथाविषय. रॉक संगीतात असा बंध प्रामुख्याने शब्द सांभाळतात. येथे शब्दच नाहीत. त्यांचे कार्य रागसमयाचा संकेत करतो. अहिरभैरव व नटभैरव यांनी उजाडते, पिलूत दिवस चढतो-उतरतो, भूपात सांज होते, देसमध्ये रात्र येते. अखेरच्या पहाडीचे प्रयोजन मात्र वेगळे आहे. तो समय नव्हे, तर स्थळ सुचवितो आणि श्रोत्यास पुन्हा डोंगरात आणून सोडतो.

वादनाची योजनाही मार्मिक आहे. संतूरचा स्वर आघाताने उमटतो व विरतो. त्यावर अखंड मींड घेणे कठीण. ती उणीव गिटारवरील सरकत्या पट्टीने व बासरीच्या दीर्घ श्वासाने भरून निघते. प्रत्येक वादक दुसऱ्याची मर्यादा ओळखून वाजवितो.

तबकडीच्या मर्यादित वेळेमुळे रागविस्तार आखडला, हा आक्षेप निराधार नाही. संथ, प्रदीर्घ आलापीची अपेक्षा येथे पूर्ण होत नाही. परंतु या कृतीचा घटक एकेक राग नसून रागांचा क्रम आहे. विस्तार त्या क्रमात साधला आहे. म्हणूनच आज मोबाइलवर एकेक तुकडा सुटा ऐकला जात असताना या मुद्रिकेचा गाभाच हरवतो. महाविद्यालयीन वर्गात ती ऐकवावयाची झाल्यास आरंभापासून अखेरपर्यंत, सलग ऐकविणे हेच तिचे खरे अध्यापन ठरेल.